एका पंक्तीचे शिक्षण : कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्याचे स्मरण

सालाबादप्रमाणे स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख द्यावा, अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली. आम्ही काही इतिहाससंशोधक नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन आणि शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन खडकीतील एका प्राथमिक शाळेत हयातभर मुलांस शिकविले, एवढीच आमची पुंजी. तथापि गतवर्षीच्या वार्षिक सभेत आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीविषयी जो वाद झाला, त्यामुळे आम्हास लेखाचा विषय आपोआप मिळाला. निधी केवळ आपल्याच समाजातील मुलांसाठी असावा व तोही भरपूर गुण मिळविणाऱ्यांस बक्षीस म्हणून द्यावा, असे एक मत पडले. तो गरजू मुलास द्यावा, मग तो कोणाचाही असो, असे दुसरे. सभा आटोपती घेण्यात आली व प्रश्न तसाच राहिला. ह्या प्रश्नाचा विचार आपल्या आधी शंभर वर्षांपूर्वी एका पुरुषाने केला होता, एवढेच नव्हे, तर त्याचे उत्तर कृतीने देऊन दाखविले होते. त्याची हकीगत आम्ही येथे सांगणार आहोत.

आरंभ आपल्या खडकीपासूनच करू. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी येथील माळावर पेशव्यांचे सैन्य व इंग्रज कंपनीचे सैन्य यांची लढाई झाली व त्यानंतर येथे लष्कराची छावणी वसली. १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला. कारखाना म्हटला की कामगार आले; आणि कामगार म्हणजे तरी कोण? सातारा, नगर, सोलापूर ह्या जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांची माणसे. आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांपैकी बहुतेकांचे वाडवडील असेच पोटासाठी येथे आले. खडकीला लागूनच गणेशखिंड. तेथे इंग्रज गव्हर्नरांचा पावसाळी निवास होता. १९४९ साली त्याच वास्तूत पुणे विद्यापीठ सुरू झाले व २०१४ पासून त्यास सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. कारखान्याचा भोंगा आणि विद्यापीठाचा मनोरा यांत अंतर फार तर तासाभराच्या चालीचे. परंतु हे अंतर तोडावयास आपल्या लोकांस दोन-तीन पिढ्या लागल्या. त्या का लागल्या, हेच समजून घ्यावयाचे आहे.

इंग्रजी अमदानीत शिक्षणखात्याचे धोरण असे होते की, वरच्या वर्गांस चांगले शिक्षण द्यावे म्हणजे ते हळूहळू खाली झिरपत जाईल. पुण्यात ह्या धोरणाविरुद्ध पहिला मोठा आवाज उठविला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढून त्यांनी व सावित्रीबाईंनी कृती करून दाखविलीच होती. १८८२ साली हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग आला, तेव्हा जोतीरावांनी त्यापुढे लेखी निवेदन ठेविले. त्यातील सार असे : सरकारची तिजोरी भरते रयतेच्या घामाने, आणि तिचा लाभ मात्र उच्च शिक्षण घेणाऱ्या मूठभरांस होतो. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून निवडावे व त्यांस पोटापुरता पगार द्यावा. मुलांस मोडी, बालबोध व हिशेब यांबरोबर शेतीचे व आरोग्याचेही ज्ञान द्यावे. आजचा कोणताही शिक्षणतज्ज्ञ ह्यात काही फार भर घालू शकेल, असे आम्हास वाटत नाही. परंतु ते निवेदन दप्तरी पडून राहिले.

ह्या विचारास राज्यसत्तेचे बळ प्रथम मिळाले ते संस्थानांत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या राज्यात सक्तीचे शिक्षण लागू केले. कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली तोच हुकूम काढला. परंतु शाहू महाराजांच्या ध्यानी आणखी एक गोष्ट आधीच आली होती. खेड्यातील मुलगा चौथी वा सातवी होतो आणि तेथेच अडतो, कारण पुढची शाळा शहरात असते आणि शहरात त्याला राहावयास जागा नसते. शाळा आहे, फी माफ आहे, पण रात्री निजावयाचे कोठे आणि दोन वेळचे जेवावयाचे काय? म्हणून महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे काढविली. सर्वांचे एकच वसतिगृह करून पाहण्याचा त्यांचा आधीचा प्रयत्न फसला होता. म्हणून मग मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशी त्या त्या समाजाची वसतिगृहे त्यांनी उभारविली आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे वसतिगृह निघाले. आपल्यासारख्या ज्ञातिमंडळांनी हे नीट लक्षात ठेवावे. जातवार वसतिगृह हे त्या काळी शिडीचे काम करीत होते. जो समाज तळाशी होता त्याला वर चढावयास पहिली पायरी हवी होती व ती महाराजांनी दिली. तिचा उपहास करण्याचा अधिकार आपणांपैकी कोणासही नाही.

परंतु शिडी ही चढून जाण्यासाठी असते, तिच्यावर बसून राहण्यासाठी नव्हे. हे ज्या विद्यार्थ्याने कोल्हापुरातच ओळखले, तो भाऊराव पायगोंडा पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज ह्या गावी एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले व जैन बोर्डिंगात राहू लागले. त्यांच्या चरित्रात एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते हजर राहिले. परत आल्यावर व्यवस्थापकांनी स्नान करून मगच आत येण्यास सांगितले. भाऊरावांनी ते मानले नाही आणि त्यांस बोर्डिंग सोडावे लागले. पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने ते काही काळ राहिले. शालेय शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या पलीकडे गेले नाही. आमच्यासारखा मॅट्रिक झालेला मनुष्य कागदोपत्री त्यांच्याहून अधिक शिकलेला ठरतो, ही गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांस हसत हसत सांगत असू.

पुढे त्यांनी साताऱ्यास खाजगी शिकवण्या केल्या. नंतर किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. हा हिंडण्याचा काळ आम्हास फार महत्त्वाचा वाटतो. शिक्षणाचे पुढारी बहुधा कचेरीत बसून अहवाल वाचतात. ह्या माणसाने नांगर विकता विकता रयतेची दशा डोळ्यांनी पाहिली. मुलगा शाळेत का येत नाही, ह्याचे कारण त्यांस पुस्तकातून शोधावे लागले नाही. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले ह्या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह झाले व स्वावलंबी शिक्षण हे तिचे ब्रीद.

१९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग असे नाव देण्यात आले. ह्या वसतिगृहाचे वैशिष्ट्य असे की, येथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशा सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत. पाणी तीच भरीत, दळण तीच दळीत, भाकऱ्या तीच भाजीत आणि एका पंक्तीस बसून जेवीत. त्या काळच्या सातारा जिल्ह्यात ही गोष्ट केवढ्या धाडसाची होती, ह्याची आज कल्पना येणार नाही. पुष्कळ गावांत विहीरही निराळी असे. खर्चाचे साधन म्हणजे लोकांनी दिलेले धान्य, थोड्या देणग्या आणि मुलांचे श्रम. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले व शेवटी मंगळसूत्रही दिले. स्वतः सोवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या ह्या माउलीने सर्व जातींच्या मुलांस पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले. १९३० साली त्यांचे निधन झाले. ह्या स्मरणिकेतील देणगीदारांची यादी वाचताना आपल्या भगिनींनी हे एक नाव मनात आठवावे, अशी आमची विनंती आहे.

१९३२ साली पुणे करार झाला. त्याचे स्मरण म्हणून भाऊरावांनी त्याच वर्षी आपल्या पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस काढले. पुढाऱ्यांनी करारावर सह्या केल्या. ह्यांनी तो करार मुलांच्या ताटात उतरविला.

येथवर कोणी म्हणेल की, ही एका दयाळू माणसाची कथा झाली. ह्यात शिक्षणपद्धतीची नवी रचना ती कोणती? तर पुढील क्रम पाहावा. वसतिगृहात मुले वाढली, पण खेड्यात शाळाच नाहीत; शाळा काढावी तर शिक्षक नाहीत. म्हणून १९३५ साली साताऱ्यास शिक्षकांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढले. आज ते महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाते. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले व खाजगी प्रयत्नाने चालणाऱ्या व्हॉलंटरी शाळांस उत्तेजन मिळाले. भाऊरावांपाशी शिक्षक तयार होते. गावाने जागा द्यावी, संस्थेने शिक्षक द्यावा, सरकारने अनुदान द्यावे, अशा तिहेरी मेळातून डोंगरकपारीच्या गावांत पाचशेहून अधिक प्राथमिक शाळा निघाल्या. त्या शाळांतील मुलांस पुढे शिकता यावे म्हणून १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. ते विनामूल्य व निवासी होते, आणि मुलांनी काम करून शिकावे अशी तेथील रीत होती. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, १९५४ साली कराडास गाडगे महाराजांच्या नावाचे कॉलेज व १९५५ साली साताऱ्यास शिक्षकांचे आझाद कॉलेज.

म्हणजे पाहा, वसतिगृहाने विद्यार्थी दिला, विद्यार्थ्याचा शिक्षक झाला, शिक्षक खेड्यात गेला, खेड्यातून पुन्हा विद्यार्थी आला. रहाट जसा एकदा फिरू लागला की पोहरे आपोआप भरत जातात, तशी ही योजना होती. जोतीरावांनी १८८२ साली जे मागितले होते, की शिक्षक रयतेतून यावा आणि शाळेत श्रमाची प्रतिष्ठा असावी, ते सरकारने केले नाही; ते एका इंग्रजी सहावी शिकलेल्या माणसाने करून दाखविले. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे ह्याच परंपरेत वाढले. ते पुढे शिवाजी कॉलेजचे प्राचार्य व शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगी येथे गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या मुलांकडून विटा भाजवून त्यांचीच शाळा बांधविली, त्याचे येथे स्मरण होते. परंतु तेथील शाळा एका वर्णाच्या लोकांची होती. साताऱ्याची पंक्ती सर्वांची होती.

मुलांस श्रमास लावले तर अभ्यास बुडत नाही काय, असा आक्षेप तेव्हाही घेतला जाई व तो पोकळ नव्हे. ज्याच्या घरी सर्व सुबत्ता आहे त्याने चार तास वाचावे आणि दुसऱ्याने तेच चार तास खडी फोडावी, ह्यात समानता नाही हे खरे. परंतु त्या मुलापुढे पर्याय कोणता होता? श्रम आणि शाळा, किंवा नुसतेच श्रम. शिवाय भीक न मागता शिकलो, ही जाणीव माणसाची मान जन्मभर ताठ ठेविते. आज पुणे विद्यापीठातील कमवा व शिका योजनेस भाऊरावांचेच नाव आहे. गणेशखिंडीच्या आवारात बागेत वा ग्रंथालयात काम करून शिकणारी मुले आपण पाहतो, ती ह्याच झाडाची फळे होत.

आता ह्या इतिहासाशी आमच्या घरचा एक धागा जोडलेला आहे. तो सांगावयास संकोच वाटतो. परंतु सांगितल्याशिवाय लेखास अर्थ नाही.

आमचे वडील सातारा जिल्ह्यातील एका लहान गावचे. गावात शाळा चौथीपर्यंत. वडील हुशार होते, हिशेबात विशेष. चौथी झाल्यावर त्यांच्या गुरुजींनी आमच्या आजोबांस सांगितले की, पोराला साताऱ्यास अण्णांच्या बोर्डिंगात पाठवा, खर्च नाही, फक्त काम करावे लागते. आजोबा कामास भीत नव्हते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पंक्तीला कोण कोण बसतं?” गुरुजींनी खरे ते सांगितले. आजोबा म्हणाले, “मग आमचं पोर नाही यायचं.” गावकुसाबाहेरचा एक मुलगा मात्र त्या वर्षी गेला. तो शिकला, शिक्षक झाला आणि पुढे त्याच गावच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून आला. आमचे वडील महायुद्धाच्या काळात खडकीस आले व कारखान्यात मजूर म्हणून लागले. त्यांनी जन्मभर ओझी वाहिली. म्हातारपणी ते एकदा आम्हास म्हणाले, “आपल्याला कोणी शाळेबाहेर ठेवलं नव्हतं रे. आपणच उंबऱ्यावरून परत फिरलो.”

ज्ञातिबांधवहो, दुसऱ्याने केलेल्या अन्यायाच्या कथा आपण स्मरणिकांतून पुष्कळ लिहितो व त्या लिहिल्याही पाहिजेत. परंतु आपल्याच अभिमानाने आपल्याच मुलाचे किती नुकसान केले, ह्याचाही हिशेब कोठे तरी मांडला पाहिजे. आमच्या घरचा तो हिशेब आम्ही येथे मांडला आहे. आजोबांस आम्ही दोष देत नाही. ते त्यांच्या काळाचे होते. पण भाऊरावही त्याच काळाचे होते, त्याच जिल्ह्यातले होते, आणि त्यांसही सोवळ्याओवळ्याचे संस्कार होते. तेव्हा काळाकडे बोट दाखवून सुटता येत नाही.

आमच्या हातूनही एक चूक घडली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात चौथीच्या वर्गात एक मुलगा सतत गैरहजर राही. आम्ही त्यास दोनदा बजावले, तिसऱ्यांदा वर्गासमोर उभे करून बोललो. त्यानंतर तो आलाच नाही. कित्येक महिन्यांनी खडकी बाजारात एका चहाच्या दुकानात तो कपबश्या विसळताना दिसला. बाप अंथरुणास खिळला होता व घरात कमावते दुसरे कोणी नव्हते. आम्ही हजेरीपटावर रोज शेरा मारीत होतो. त्याच्या घरी मात्र एकदाही गेलो नव्हतो. भाऊरावांचे चरित्र आम्ही पाठ केलेले होते, वर्गात रसाळपणे सांगतही होतो. ते आम्हास कळले मात्र त्या दुकानापुढे उभे राहिल्यावर. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मूल तीन दिवस आले नाही की चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या घरी जावयाचे, हा नियम आम्ही पाळला. त्यात मोठेपणा काही नाही. ती उशिरा फेडलेली बाकी होती.

शाळेचे पुढारीपण म्हणजे नव्या इमारती, नवी यंत्रे व नवे अभ्यासक्रम असे आज पुष्कळांस वाटते. ही साधने वाईट नव्हेत. परंतु भाऊरावांच्या चरित्रावरून आम्ही असे शिकलो की, मूल शाळेच्या दारापर्यंत का पोहोचत नाही हे शोधणे व तो अडथळा दूर करणे, हे पहिले काम होय. त्यांस दिसले की अडथळा भाकरीचा आहे, म्हणून त्यांनी आधी चूल पेटविली आणि मग फळा टांगला. १९९५ पासून देशात शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली व पुढे शाळेत शिजविलेले अन्न मिळू लागले. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळाला. जोतीरावांचे बारा वर्षांचे मागणे पुरे होण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. परंतु कायदा दार उघडतो. मुलाचा हात धरून त्यास आत आणावयास माणूसच लागतो.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांस पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने सन्मान्य डी. लिट. पदवी दिली. आपल्या खडकीशेजारच्या विद्यापीठाने इंग्रजी सहावी शिकलेल्या माणसास दिलेली ही पदवी विद्यापीठासही भूषणावह ठरली. ९ मे १९५९ रोजी पुण्यातील ससून रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. आज संस्थेच्या शाखा सातशेहून अधिक आहेत. खडकीहून औंधच्या रस्त्याने गेले की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे महाविद्यालय लागते, ते ह्याच संस्थेचे. सभासदांपैकी अनेकांची मुले तेथे शिकली असतील. ते झाड कोणी लावले, हे मात्र त्यांस ठाऊक असेलच असे नाही.

आता निधीचा प्रश्न. आमचे नम्र मत असे आहे. गुणवंतांचा सत्कार अवश्य करावा. शाल, श्रीफळ व शाबासकी यांस फारसा खर्च येत नाही. परंतु निधीचा पैसा जे मूल शाळा सोडण्याच्या बेतात आहे त्याच्यासाठी राखावा. ज्याला नव्वद टक्के मिळाले तो आपल्या मदतीवाचूनही पुढे जाईल. ज्याचा बाप अंथरुणावर आहे तो जाणार नाही. असे मूल आपल्या समाजाचे असेल तर त्याच्या घरी आधी आपण जावे, कारण ते घर आपल्या ओळखीचे आहे. पण शेजारच्या घरातील मूल दुसऱ्या समाजाचे आहे म्हणून त्याचे दार टाळून पुढे जाऊ नये. आपल्या पूर्वजांनी काढलेली ज्ञातिसंस्था ही शिडी होती. तिच्यावरून आपण वर आलो; आता ती दुसऱ्यासाठी धरून ठेवण्याची पाळी आपली आहे.

येत्या सभेत हा विषय पुन्हा निघेल. त्या वेळी आमच्यासारख्या वृद्धास फार बोलू देऊ नये, परंतु मत देण्यापूर्वी प्रत्येकाने “पंक्तीला कोण कोण बसतं?” हा आमच्या आजोबांचा प्रश्न एकवार आठवावा. त्यांनी दिलेल्या उत्तराची किंमत आमच्या वडिलांनी जन्मभर मोजली. आपण निराळे उत्तर द्यावे, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करितो.